म्हातारपणाचा पगार कोणी द्यायचा?

नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. गेल्या नोव्हेंबरात वडिलांना घेऊन बँकेत गेलो होतो. वडील मराठी प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक. बेळगावच्या वडगावातले आमचे शेजारी, ज्यांना आम्ही लहानपणापासून काका म्हणतो, तेही बरोबर आले. काकांनी जन्मभर मागावर साड्या विणल्या.

वडिलांचं काम दहा मिनिटांत झालं. काकांना संध्या सुरक्षाचे, म्हणजे कर्नाटक सरकारच्या वृद्धांसाठीच्या पेन्शनचे पैसे काढायचे होते आणि यंत्रावर त्यांचा अंगठा उमटेना. धागा ओढून ओढून बोटांवरच्या रेघाच झिजून गेल्यात. ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, दुसरं बोट झालं, तिसरं झालं, शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. १,२०० रुपये मिळाले. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, कोपरीच्या खिशात घातल्या आणि वडिलांना म्हणाले, "गुरुजी, झाला की पगार."

आमच्याकडे दोन्ही पैशांना 'पगार'च म्हणतात. गुरुजींची पेन्शन हाही पगार आणि काकांचे १,२०० हाही पगार. दोघंही पहाटे उठून कामाला गेलेली माणसं. एकाच्या पगारात घर चालतं आणि औषधंही निघतात. दुसऱ्याच्या पगारात महिन्याच्या गोळ्यासुद्धा निघत नाहीत. पेन्शन सरकारला परवडते का, हा प्रश्न सध्या जोरात आहे. तो नीट समजून घ्यायचा तर या दोघांना एकत्रच पाहावं लागेल.

वाद कशावरून पेटला

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा ठरवली. निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई आयोगाच्या अध्यक्ष आहेत. आयोगाने काय काय ध्यानात घ्यावं, त्या यादीत 'अंशदान नसलेल्या पेन्शन योजनांचा निधीविना खर्च' अशा अर्थाचं एक कलम आहे. पेन्शनरांच्या संघटना त्यावरून संतापल्या.

अंशदान म्हणजे नोकरीत असताना दरमहा भरलेली वर्गणी. जुन्या पेन्शनमध्ये कर्मचारी पेन्शनसाठी वर्गणी भरत नाही आणि सरकारही त्याच्या नावाने वेगळा पैसा साठवत नाही. पेन्शन द्यायची वेळ आली की त्या वर्षीच्या महसुलातून देतात. 'निधीविना' म्हणजे एवढंच.

संघटनांचा राग मला समजतो. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या घटनापीठाने स्पष्ट केलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेच्या बदल्यात मिळालेला तो हक्क आहे. म्हणून १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात. पेन्शन म्हणजे मागे ठेवलेला पगारच. माझ्या वडिलांना त्यांच्या उमेदीत मिळणारा पगार तुटपुंजा होता, आणि 'पुढे पेन्शन आहे' या भरवशावरच त्यांनी तो घेतला. त्या भरवशाला आता बोजा म्हटलं की माणूस दुखावणारच.

पण हक्क असणं वेगळं आणि त्यासाठी पैशाची सोय असणं वेगळं. यातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोललं की पहिली नाकारली, असं होत नाही.

पेन्शनमध्ये नेमकं मिळतं काय

पेन्शन म्हणजे नुसती बचत नव्हे. पेन्शन तीन धोक्यांपासून सांभाळते. पहिला धोका म्हणजे आपण किती जगू हे कुणालाच ठाऊक नसतं. साठवलेले पैसे सत्तरीत संपले आणि माणूस नव्वदीपर्यंत जगला तर? दुसरा महागाईचा. आज पुरणारी रक्कम पंधरा वर्षांनी पुरत नाही. तिसरा बाजाराचा, म्हणजे निवृत्तीच्या वर्षीच शेअर बाजार पडलेला असू शकतो.

पेन्शनच्या प्रत्येक योजनेला एकच प्रश्न विचारायचा. हे तीन धोके कोणाच्या डोक्यावर आहेत? बाकीचा तपशील नंतर आपोआप कळतो.

एक चूल आणि पिग्मीची वही

जुनी पेन्शन ही एकत्र कुटुंबाच्या चुलीसारखी आहे. कमावते हात आज जे आणतात त्यातून म्हाताऱ्यांचं ताट वाढलं जातं. म्हाताऱ्यांनी किती साठवलं होतं, हे कुणी विचारत नाही, कारण त्यांनीही आपल्या काळात आधीच्या म्हाताऱ्यांना वाढलेलं असतं. पूर्ण नोकरी झालेल्याला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते आणि वर महागाई भत्ता. तिन्ही धोके सरकारच्या डोक्यावर. माणूस गेला की जोडीदाराला कुटुंब पेन्शन.

नवी योजना, म्हणजे एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), पिग्मीसारखी आहे. बेळगावात पिग्मी समजावून सांगायला नको. रोज संध्याकाळी सोसायटीचा माणूस दुकानात येतो, वहीत आकडा टाकतो, आणि शेवटी तुमच्या वहीत जेवढं जमलं तेवढंच तुमचं. एनपीएसमध्ये कर्मचारी मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के भरतो. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यासाठी १४ टक्के घालतं. पैसा शेअर आणि रोख्यांत गुंतवला जातो. निवृत्तीच्या वेळी सरकारी कर्मचाऱ्याला जास्तीत जास्त ६० टक्के रक्कम हातात मिळते. उरलेल्या किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून अ‍ॅन्युइटी, म्हणजे जन्मभर दरमहा मिळणारी रक्कम, विकत घ्यावी लागते.

हिशेब करून पाहू. समजा वहीत ५० लाख जमले. ३० लाख हातात आले आणि २० लाखांची अ‍ॅन्युइटी घेतली. दर ६ टक्के धरला तर वर्षाला १ लाख २० हजार, महिन्याला १०,०००. नेहमीच्या अ‍ॅन्युइटीला महागाई भत्ता लागत नाही. वीस वर्षांनीही तेच १०,०००. किती जगू याची चिंता विमा कंपनीने घेतली, पण बाजार आणि महागाई कर्मचाऱ्याच्याच डोक्यावर राहिली. हातात आलेल्या ३० लाखांत मुलीचं लग्न नाहीतर घराचा स्लॅब झाला, तर पुढच्या वीस वर्षांसाठी त्यातलं काही उरत नाही.

कोण चुलीचा आणि कोण वहीचा, हे नोकरीच्या तारखेवर ठरलं. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नवी योजना आणली, सैन्याला वगळून. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून आणि कर्नाटकाने १ एप्रिल २००६ पासून. आपल्या सीमेवर याचा अर्थ काय होतो ते पाहा. जानेवारी २००६ मध्ये एक शिक्षक कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात सरकारी नोकरीला लागला आणि दुसरा शेजारच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. खानापूरच्याला जुनी पेन्शन, चंदगडच्याला नवी. खानापूरचा साठाव्या वर्षी निवृत्त होणार, चंदगडचा अठ्ठावन्नाव्या. दोघांच्या फळ्यावर तीच बाराखडी. कर्नाटकात तर ज्यांच्या भरतीची जाहिरात एप्रिल २००६ च्या आधी निघाली पण हजेरी नंतर लागली, अशा सुमारे १३,००० कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन परत मिळायला जानेवारी २०२४ उजाडावं लागलं.

मग राजस्थान, हिमाचल मागे का फिरले?

राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल प्रदेश या राज्यांनी जुन्या पेन्शनकडे परतण्याचे निर्णय घेतले. लोक विचारतात, त्यांना परवडतं मग इतरांना का नाही?

यातली मेख फारशी कुणी सांगत नाही. नव्या योजनेत सरकारला दोन्हीकडून खर्च असतो. जुन्या पेन्शनरांची पेन्शन चालू ठेवायची आणि नव्या कर्मचाऱ्यांच्या वहीतही दरमहा आपला वाटा भरायचा. जुन्या योजनेकडे परतलं की हा वाटा भरणं लगेच थांबतं. म्हणजे जुनी पेन्शन आणली तर सुरुवातीला सरकारच्या हातात पैसा वाचतो. बिल येतं वीस-पंचवीस वर्षांनी, २००६ नंतर लागलेले लोक घाऊक निवृत्त व्हायला लागतील तेव्हा. आजच्या मुख्यमंत्र्यांना तेव्हा उत्तर द्यायचं नसतं.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या पत्रिकेत यावर एक अभ्यास आला होता. सगळ्या राज्यांनी जुनी पेन्शन आणली तर एकूण बोजा नव्या योजनेच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो आणि २०६० पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या ०.९ टक्के इतका जादा खर्च दरवर्षी लागू शकतो, असा त्याचा अंदाज आहे.

"मग जुनी पेन्शन परवडते की नाही?"

चूल चालते ती कमावते हात आणि बसून जेवणारी ताटं यांच्या प्रमाणावर. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे सुमारे ८.६ टक्के होते. २०५० पर्यंत ते पाचातला एक होतील, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही दर बाईमागे सरासरी १.७ मुलं निघाली. लोकसंख्या टिकायला २.१ लागतात. शिवाय साठी गाठलेला माणूस आता सरासरी आणखी अठरा वर्षं जगतो. चांगलीच गोष्ट आहे ही. पण ताटं वाढणार आणि हात कमी होणार, हे उघड आहे.

म्हणून माझं मत असं की जुनी पेन्शन जशीच्या तशी सगळ्यांना, कर्मचाऱ्याच्या वर्गणीशिवाय, पुढची चाळीस वर्षं देता येणार नाही. पण सगळा धोका एकट्या कर्मचाऱ्यावर ढकलणारी पिग्मीही न्याय्य नाही. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून आणलेली एकीकृत पेन्शन योजना या दोन्हींच्या मधली आहे. कर्मचाऱ्याने १० टक्के भरायचे, सरकारने एकूण १८.५ टक्के. पंचवीस वर्षं नोकरी झाल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, त्यावर महागाईची वाढ, आणि दहा वर्षं झाली असतील तर किमान १०,०००. वर्गणीही आहे आणि हमीही. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये तिला मान्यता दिली. अनेक कर्मचाऱ्यांना ती पसंत नाही, कारण सगळी रक्कम सरकारकडे राहते आणि हातात एकरकमी फार कमी येतं. तक्रार खरी आहे. तरी धोका वाटून घेण्याची ही दिशा मला योग्य वाटते.

बेळगावकरांना सैन्याच्या पेन्शनबद्दल वेगळं सांगायला नको. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथेच आहे आणि आमच्या खेड्यांत घराघरांत माजी सैनिक आहेत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण पेन्शनसाठी १ लाख ६० हजार ७९५ कोटी ठेवले होते. सैनिक ऐन चाळिशीत निवृत्त होतो, पेन्शन पुढे चाळीस वर्षं चालते. त्यासाठी जान पणाला लावलेली असते, म्हणून मला तो खर्च गैर वाटत नाही. पण २०२२ मध्ये अग्निवीर आले ते या आकड्याच्या सावलीतच. बहुतेकांना चार वर्षं नोकरी, शेवटी व्याजासह सुमारे ११.७१ लाख, पेन्शन नाही. एकाच घरात आजोबांना पेन्शन आणि नातवाला पिशवीभर पैसे देऊन निरोप, हे चित्र आमच्या गावांना आता पाहावं लागणार आहे.

उद्यमबाग आणि निपाणी

पेन्शनचा वाद टीव्हीवर ऐकला की वाटतं सगळा देश सरकारी नोकरीत आहे. आपल्या भागात फिरून पाहा.

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्री आणि मशीन शॉप आहेत. तिथला भविष्यनिर्वाह निधी कापला जाणारा कामगार ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेत येतो. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात, पण पगार कितीही असला तरी हिशेब १५,००० पर्यंतचाच, म्हणजे महिन्याला १,२५०. पेन्शनचं सूत्र सोपं आहे. पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पंचवीस वर्षं पूर्ण १५,००० वर भरलं असं धरलं आणि वीस वर्षांच्या वर नोकरी झाली म्हणून जादा मिळणारी दोन वर्षं मिळवली, तरी पेन्शन येते ५,७८६. प्रत्यक्षात मर्यादा २०१४ पर्यंत ६,५०० होती, त्यामुळे आज निवृत्त होणाऱ्याला याहून कमीच पडते. महागाई भत्ता नाही. निपाणीत तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढलेल्या विडी कामगार बायकांपैकी ज्यांचा फंड कापला गेला, त्यांच्या वाट्याला अनेकदा किमान पेन्शनच येते. ती १,००० रुपये आहे आणि सप्टेंबर २०१४ पासून तेवढीच आहे.

आणि ज्यांचा फंडच नाही? वडगाव-खासबागचे विणकर, खानापूरचा अल्पभूधारक शेतकरी, धुणंभांडी करणारी बाई. त्यांच्यासाठी नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, अर्ज करून मिळणारा 'पगार'. कर्नाटकात ६५ च्या पुढे १,२००. पलीकडे शिनोळीत, महाराष्ट्रात, श्रावणबाळ योजनेचे १,५००. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्यांना फक्त २०० रुपये, आणि तो २००७ पासून वाढलेला नाही. त्यानंतर भाव किमान तिप्पट झाले. सरकारी पेन्शनला वर्षातून दोनदा महागाई भत्ता लागतो, या २०० रुपयांना एकदाही लागला नाही. सगळ्या वादात मला सर्वांत जास्त टोचते ती ही गोष्ट.

२०२५-२६ मध्ये केंद्राने आपल्या निवृत्तांच्या पेन्शनसाठी, सैन्य धरून, सुमारे २.७७ लाख कोटी ठेवले. गरीब वृद्ध, विधवा आणि दिव्यांग मिळून सगळ्यांच्या सामाजिक साहाय्यासाठी ९,६५२ कोटी.

"मुलं आहेत की सांभाळायला!"

हा आक्षेप घरातलाच आहे आणि त्यात प्रेम आहे, म्हणून त्याला जपून उत्तर द्यावं लागतं. बहुतेक मुलं सांभाळतातच. पण मुलं पुण्यात, बेंगळुरूत, गोव्यात भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांच्या पगारातून आईची इन्सुलिन आणि स्वतःच्या मुलाची शाळेची फी एकाच तारखेला जाते. सरकारने पेन्शन दिली नाही म्हणून म्हातारपणाचा खर्च नाहीसा होत नाही. तो सुनेच्या दागिन्यांतून जातो, नातीच्या शिक्षणातून जातो. आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ मध्ये झाला, त्यात न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण आमच्याकडची कोणती आई मुलाविरुद्ध अर्ज घेऊन जाईल? जिच्या हातात स्वतःचे चार पैसे आहेत, तिला तो अर्ज मनातही आणावा लागत नाही.

"आमदार-खासदारांना कशी परवडते?"

एक टर्म खासदार झालेल्यालाही महिन्याला ३१,००० पेन्शन मिळते. देशाच्या एकूण खर्चात ही रक्कम नगण्य आहे, ती बंद केली म्हणून विणकराची पेन्शन वाढणार नाही. तरी प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याला वर्गणी भरायला सांगणाऱ्याने आधी आपली भरावी.

"सगळ्यांना द्यायचं तर पैसा कुठून?"

देशात साठीच्या पुढचे साधारण १५ कोटी आहेत. प्रत्येकाला महिन्याला २,००० द्यायचे म्हटलं तर वर्षाला ३ लाख ६० हजार कोटी लागतील. देशाचं वार्षिक उत्पन्न सुमारे ३३० लाख कोटी, म्हणजे हा खर्च १.१ टक्क्याच्या आसपास. प्राप्तिकर भरणारे आणि आधीच पेन्शन घेणारे वगळले तर त्याहून कमी. थोडा नाही, पण अशक्यही नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या जुन्या पेन्शनसाठी रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासात जो जादा बोजा सांगितलाय, तो ०.९ टक्के आहे. दोन्ही आकडे एका रांगेत ठेवून पाहिले पाहिजेत.

"काकांनी कर कुठे भरला?" असं मला एका शिकलेल्या माणसाने विचारलं. काका मोबाईलचं रिचार्ज मारतात त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. जन्मभर साबण, बल्ब, मागाचे सुटे भाग घेतले, त्या प्रत्येकावर कर भरला. माझ्या वडिलांची पेन्शन ज्या तिजोरीतून येते, त्या तिजोरीत काकांचेही पैसे आहेत.

माझ्या मते पाया करातून यावा. प्रत्येक ज्येष्ठाला एक किमान रक्कम मिळावी, ती केंद्र आणि राज्याने मिळून द्यावी आणि महागाईनुसार दरवर्षी आपोआप वाढावी. त्याच्यावर ज्याची जेवढी कमाई, तेवढी त्याची वर्गणी आणि मालकाचा वाटा. सरकारी कर्मचारीही याच वरच्या मजल्यावर, वर्गणी भरून आणि हमी घेऊन.

पाच हजारांचं मोल

काकांचा नातू अठरा वर्षांचा आहे, उद्यमबागेत कामाला लागलाय. बँकेत त्याला अटल पेन्शन योजनेचा कागद दिला. तो घेऊन संध्याकाळी आमच्याकडे आला. अठराव्या वर्षी सुरू केलं तर महिन्याला २१० रुपये भरायचे, साठीनंतर दरमहा ५,००० ची सरकारची हमी. चाळिसाव्या वर्षी सुरू केलं तर त्याच ५,००० साठी महिन्याला १,४५४ भरावे लागतात, म्हणून लवकर सुरू करण्यात फायदा आहे, असं मी त्याला समजावलं.

"पण काका, तेव्हा पाच हजाराचं काय येणार?" त्याने मला विचारलं.

कागदाच्या मागे हिशेब मांडला. महागाई ६ टक्के धरली तर भाव बारा वर्षांनी दुप्पट होतात. चोवीस वर्षांनी चौपट, छत्तीस वर्षांनी आठपट. बेचाळीस वर्षांत अकरापटीच्या वर. तेव्हाचे ५,००० म्हणजे आजचे साधारण साडेचारशे. गुंतवणुकीवर अंदाजापेक्षा जास्त मिळालं तर पेन्शनही जास्त मिळते, हेही सांगितलं. पण हमी आहे ती एवढीच.

त्याने आकडा परत परत पाहिला. "म्हणजे आज्जाच्या पगारापेक्षा कमीच की."

तरी खातं काढ म्हणालो. सोमवारी सुट्टी टाकून तो बँकेत जाऊन आला.